बँकेच्या स्टाफसाठी ऑनलाइन खेळ बनवायचाय? बॅज राहू द्या, आधी काउंटरवर या

प्रश्न थोडक्यात असा. मुंबई-ठाण्यात शाखा असलेल्या एका नागरी सहकारी बँकेच्या ट्रेनिंग विभागातून विचारलंय: केवायसी आणि फसवणूक रोखण्याचं वार्षिक ऑनलाइन ट्रेनिंग स्टाफ 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत उरकतो, शेवटच्या चाचणीची उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरतात. एका कंपनीने याच कोर्सला पॉइंट्स, बॅज आणि लीडरबोर्ड लावून 'गेम' करून द्यायची तयारी दाखवलीय. घ्यावं का? नाहीतर आपलं आपण काही करता येईल का? आणि पंचावन्नच्या पुढच्या हेड कॅशियरना हे असलं काही रुचेल का?

पहिल्याचं उत्तर आधी देते: घेऊ नका. निदान आत्ता, या स्वरूपात तरी नको.

या विषयावर बोलणारे लोक अशा वेळी १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग पुढे करतात. बालवाडीतल्या ज्या मुलांना मुळातच चित्रं काढायला आवडायचं, त्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं. नंतर तीच मुलं आपणहून कमी वेळ चित्रं काढू लागली. म्हणजे बक्षिसाने आवड मारली. प्रयोग चांगला आहे, पण तुमच्या बाबतीत तो लागू पडत नाही. केवायसीच्या स्लाइड्सवर कुणाचं मुळात प्रेमच नाही, तेव्हा ते मरायची भीती नको. तुमची अडचण साधी आहे. पॉइंट्स कशाचे मिळणार? 'नेक्स्ट' दाबल्याचे. मग स्टाफ ते जास्त वेगाने दाबेल.

लीडरबोर्डचं तर नावच काढू नका. तीस वर्षं कॅश सांभाळलेल्या बाईंचं नाव एकविसावं आणि गेल्या दिवाळीत लागलेल्या ट्रेनीचं पहिलं, हे सगळ्या शाखांना दिसणार. बाई तोंडाने काही बोलणार नाहीत. पुढच्या वेळी त्या शेजारच्या मुलाला म्हणतील, "अरे, माझं पण लॉगिन करून खेळून टाक." आणि तुमच्या रिपोर्टमध्ये शंभर टक्के कंप्लीशन दिसेल. शाखा विरुद्ध शाखा अशी चुरस थोडी बरी चालते, कारण त्यात नाव कुणाचंच जात नाही. पण तीही शेवटी लावायची गोष्ट आहे, सुरुवातीला नाही.

कंपनीला नकार दिलात की मॅनेजमेंटकडून हमखास दुसरी फर्माईश येते: "सापशिडी करा ना, सगळ्यांना माहीत आहे." ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट हा आपल्याकडचा जुना शिकवणारा खेळ, गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप. पण त्यात खेळणारा काही ठरवत नाही. कवड्या पडतील तसं पुढे जायचं. माणसाच्या हातात फार काही नाही, हेच शिकवायचं असेल तर फासा शोभून दिसतो. तुमच्या टेलरला मात्र काय करायचं हे काउंटरवर रोज स्वतः ठरवावं लागतं. फासा टाकून घरं पुढे सरकायची आणि प्रत्येक घरात एक बहुपर्यायी प्रश्न, हा खेळ नाही. ती चाचणीच आहे, फक्त हळू चालणारी. हॉट सीटवाली प्रश्नमंजुषाही त्याच जातीची.

मोठ्या माणसांच्या शिकण्याचा खेळ म्हणजे माझ्या मते एवढंच: ज्यात दोन-तीन गोष्टी एकाच वेळी ओढतायत असा एक निर्णय आणि तो घेतल्यावर खरोखर काय होतं ते भोगायची संधी, पण नोकरीला धक्का न लागता. बाकी चित्रं, आवाज, टाळ्या हा सगळा साज. तो असला तर असला.

उदाहरण देते. खेळातली सकाळची पावणेअकराची वेळ. काउंटरवर सत्तरीच्या आजी. जुन्या खातेदार, सगळ्या स्टाफला ओळखतात. आठ लाखांची एफडी मोडायची आहे आणि लगेच आरटीजीएस करायचंय, परराज्यातल्या एका खात्यावर. विचारलं तर म्हणतात, "नातवाच्या ॲडमिशनला हवेत." एका कानात इअरफोन आहे. हातातल्या फोनचा स्क्रीन पदराखाली.

पहिला पर्याय: मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळेल हे सांगायचं, सही जुळवायची, फॉर्म घ्यायचा. पैसे आजींचे, सही आजींची, कागद पूर्ण. नियमाने काही चुकलेलं नाही, आणि म्हणूनच बहुतेक जण हेच निवडतात. दोन चालींनंतर आजींचा मुलगा समोर येतो.

दुसरा पर्याय: "आजी, हा फ्रॉड दिसतोय, कोणाचा फोन आलाय का तुम्हाला?" हेतू चांगला. पण फोन चालू आहे आणि पलीकडचा 'सीबीआय अधिकारी' हे ऐकतोय. तो आजींना सांगतो, हे बँकवाले पण सामील आहेत, बाहेर पडा, दुसऱ्या बँकेत चला. आजी निघून जातात. डिजिटल अरेस्ट, म्हणजे खोट्या पोलिसांनी फोनवरच केलेली 'अटक', असा प्रकार आपल्या कायद्यात कुठेच नाही हे स्टाफला पाठ असतं. पण हे ठग बँकेत जातानाही कॉल चालू ठेवायला लावतात, हे माहीत असून काउंटरवर आठवत नाही.

तिसरा: "सिस्टिम स्लो आहे, बसा जरा." वेळ मिळतो. पण नुसता वेळ मिळून काय उपयोग, त्या वेळात करणार काय, हा पुढचा प्रश्न लगेच येतो.

चौथा: स्लिप पालथी करून तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं, 'फोनवर पोलीस आहेत का? बोलू नका, मान हलवा', आणि सहीसाठी पुढे केल्यासारखी ती सरकवायची. मग आजींना मॅनेजरच्या केबिनमध्ये न्यायचं, तो कॉल कट करायचा. पैसे आधीच काही गेले असतील तर तिथल्या तिथे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, कारण पैसे पुढे फिरायच्या आत ते थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत जास्त असते.

स्लिपची ही कल्पना कुठल्या सर्क्युलरमध्ये सापडणार नाही. अशा गोष्टी काउंटरवरच्या माणसांकडून येतात. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, 'आपलं आपण करता येईल का', हे 'हो' आहे. उलट पहिला भाग तुम्हीच करायला हवा. कुठल्याही स्टुडिओतल्या लेखकाला हे सुचणार नाही. तो बँकेत गेलाच तर पासबुक भरायला गेलेला असतो.

सुरुवात कागदावर करा. इंटर्नल ऑडिटकडून गेल्या वर्षभरातल्या केवायसीवरच्या शेऱ्यांची यादी मागवा. तेच तेच शेरे वेगवेगळ्या शाखांत आलेले दिसतील. त्यातले चार-पाच निवडा आणि प्रत्येकाचं एक गिऱ्हाईक बनवा. एका कार्डावर माणूस आणि त्याचं म्हणणं, मागच्या बाजूला खरी परिस्थिती. एखाद्या शाखेत बँक बंद झाल्यावर किंवा जेवणाच्या सुट्टीत चार जणांना बसवा, एकाला गिऱ्हाईक करा आणि बाकीच्यांना काय कराल ते विचारा. तुम्ही गप्प बसून ऐका. ज्या कार्डावर सगळ्यांचं लगेच एकमत होतं ते फेकून द्या, त्यात शिकण्यासारखं काही नाही. ज्या कार्डावर वाद पेटतो, "असं कसं, आमच्या शाखेत तर…" असं सुरू होतं, ते तुमच्या खेळाचं सोनं. वाद शब्दशः लिहून घ्या. पर्यायांची वाक्यं तिथूनच उचलायची.

आता खेळाची यंत्रणा. यातली माझी आवडती म्हणजे रांग. खेळाडूला गिऱ्हाइकाला विचारण्यासारखे सहा-सात प्रश्न दिसतात, पण प्रत्येक प्रश्नामागे रांगेत एक माणूस वाढतो. रांग दारापर्यंत गेली की मॅनेजर बाहेर येऊन बघतो. म्हणजे सगळंच विचारून चालत नाही आणि काहीच न विचारूनही चालत नाही. नेमके कोणते दोन-तीन विचारायचे हे ठरवावं लागतं. काउंटरवरची खरी अडचण हीच असते. घड्याळ मात्र लावू नका. सेकंद मोजणाऱ्या खेळात निर्णयाची परीक्षा होत नाही, अंगठ्याच्या चपळाईची आणि चष्म्याच्या नंबराची होते. रांग चालीचालीने वाढू द्या; ज्याला पाच मिनिटं विचार करायचाय त्याने करावा.

दुसरी म्हणजे उशिरा येणारा परिणाम. एकोणीस वर्षांचा मुलगा खातं उघडायला येतो, कागद सगळे बरोबर. सोबत आलेला 'मित्र'च जास्त बोलतो, आणि फॉर्मवर मोबाइल नंबर त्या मित्राचा. हे म्यूल खातं असू शकतं, म्हणजे नाव एकाचं आणि त्यातून फसवणुकीचे पैसे फिरवणारा दुसराच. अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर नावाची एआय प्रणाली काढलीय, पण खातं उघडताना तो मित्र दिसतो तो फक्त काउंटरवरच्या माणसाला. खेळात इथे खातं उघडून दिलं तर लगेच लाल फुली दाखवू नका. शाबासकीही मिळू द्या, महिन्याचं टार्गेट एकाने पुढे सरकू द्या. पुढची तीन गिऱ्हाइकं होऊ द्या. मग सायबर पोलिसांचं पत्र येऊ द्या, खेळाडूने स्वतः भरलेला फॉर्म सोबत जोडून. चुकीचं उत्तर लगेच दाखवायची सवय शाळेच्या चाचण्यांनी लावलीय. बँकेत चूक उघडकीला यायला कित्येक महिने लागतात, आणि तोपर्यंत ती चूक वाटतही नाही.

तिसरं उदाहरण नुसतं सांगून पुढे जाते. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल वर पाठवला, तर ते गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं. पण जुना खातेदार समोर असला की मराठी माणसाला भीड पडते: "साहेब, वरून विचारणा होणार बहुतेक, कागद तयार ठेवा." हा पर्याय खेळात जरूर ठेवा. सज्जन माणसंच त्यात सापडतात.

चुकल्यावर काय दाखवायचं, यावर माझा भर सगळ्यात जास्त. 'चूक! कृपया परिच्छेद अमुक वाचा' असं नको. 'अरे व्वा, सुपर!' असंही नको. नाचणाऱ्या कार्टूनने शाबासकी दिलेली पन्नाशीच्या माणसाला अपमानच वाटतो. जे घडलं ते दाखवा, आणि त्याखाली दोन ओळीत सांगा की कोणती खूण समोर होती आणि सुटली. मग तेच गिऱ्हाईक पुन्हा खेळायची सोय द्या, कितीही वेळा. मुद्दाम चुकीचं निवडून बघणारे लोक निघतील. बघू देत, ते शिकतच असतात.

आणि खेळ एकटा सोडू नका. ट्रेसी सिट्झमन या संशोधक बाईंनी २०११ साली नोकरीतल्या प्रशिक्षणात वापरलेल्या सिम्युलेशन खेळांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. हव्या तितक्या वेळा खेळता आलं, खेळ इतर शिकवण्याला जोड म्हणून वापरला आणि त्यात खेळणाऱ्याला स्वतः काही करावं लागलं, तेव्हा लोक जास्त शिकले. खेळ किती रंजक आहे याने शिकण्यात फरक पडला नाही. हे शेवटचं वाक्य तुमच्या बजेटच्या मीटिंगला छापून न्या. ॲनिमेशनवरचा अर्धा खर्च तिथेच वाचेल. वाचलेल्या पैशांतून दर महिन्याला शाखेत अर्ध्या तासाची चर्चा ठेवा: "त्या आजींना तुम्ही काय सांगितलंत?" एवढाच विषय. खरं शिकणं तिथे पक्कं होतं.

वर्षातून एकदा दोन तास खेळवण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी एक गिऱ्हाईक पाठवा. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांनी मजकूर पुन्हा वाचला तर पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत ते पुढे होते. न बघता आठवून लिहिणारे आठवड्यानंतरच्या परीक्षेत पुढे गेले. म्हणून जुनाच सापळा नव्या कपड्यात परत यायला हवा. आजींच्या जागी दोन महिन्यांनी निवृत्त मास्तर, इअरफोनच्या जागी दाराशी उभा असलेला 'भाचा'.

हेड कॅशियरना रुचेल का? 'गेम' हे नाव दिलंत तर कदाचित नाही. 'काउंटरवरचे प्रसंग' म्हणा, आणि पहिल्या फेरीला त्यांना खेळाडू म्हणून नका बोलावू. प्रसंग बरोबर लिहिलाय का हे तपासायला बोलवा. चार चुका काढतील, त्या खऱ्या असतील, आणि तोपर्यंत खेळूनही झालेलं असेल.

तांत्रिक बाजू पटकन सांगते, कारण ती दिसते तेवढी अवघड नाही. प्रसंगांच्या फांद्या रचायला ट्वाइन नावाचं साधन आहे, फुकट, आणि शेवटी एकच एचटीएमएल फाइल हातात देतं. तुमचा एलएमएस, म्हणजे ऑनलाइन ट्रेनिंग ज्यावर चालतं ती प्रणाली, मूडल असेल तर त्यात चालणाऱ्या एचफाइव्हपी या साधनातला ब्रँचिंग सिनॅरिओ हा प्रकार पुरतो. प्रोग्रामर न लागता पहिले पाच प्रसंग उभे राहू शकतात. एलएमएस जुना असेल आणि स्कॉर्म १.२ वर (कोर्स आणि एलएमएस यांना जोडणारं जुनं मानक) चालत असेल तर एक खाच आहे: खेळ अर्धवट सोडला की 'कुठवर आलो' हे साठवायला त्यात ४०९६ अक्षरांचीच जागा असते. फांद्या जास्त झाल्या की ती भरते आणि माणूस परत आल्यावर सुरुवातीलाच पोहोचतो. त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाईक वेगळं, सात-आठ मिनिटांत संपणारं ठेवा.

देवनागरीची परीक्षा पहिल्याच दिवशी घ्या. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गोष्टीत सहसा त्रास नसतो. पण कुणी युनिटी या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवून देतो म्हणालं तर तिथे अक्षरं दाखवणाऱ्या नेहमीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. 'स्थिती', 'व्यक्ती', 'विद्यार्थी', 'रक्कम' असे चार शब्द देऊन स्क्रीनवर काय उमटतं ते बघा. गोडो या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीपासून हे नीट होतं. फॉन्टसाठी मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला 'मुक्ता' फुकट मिळतो, आणि लहान आकारातही वाचता येतो.

फोन उभा धरून, एका अंगठ्याने, आवाज बंद ठेवून खेळता आलं पाहिजे. एक हात लोकलच्या हँडलला असतो. कुठल्याही क्षणी थांबवून परत तिथूनच सुरू करता यावं. पण डोंबिवली ते दादर लोक खेळतील या हिशोबाने ट्रेनिंग त्यांच्या प्रवासावर ढकलू नका. युनियन विचारेल, आणि बरोबरच विचारेल. शाखा उघडण्याआधीची पंधरा मिनिटं अधिकृतपणे द्या. त्यासाठी शाखेतल्या पीसीवर तो दुवा उघडतो का, आयटीने तो अडवलाय का, हे आधी तपासा. स्पीकर तर बहुतेक पीसींना नसतातच.

भाषा काउंटरवरची ठेवा. 'ग्राहक ओळख पडताळणी' असं कुणी बोलत नाही, केवायसीच म्हणतात. गिऱ्हाइकं हिंदीत बोलू देत, गुजरातीमिश्रित मराठीत बोलू देत, मुंबईत तशीच येतात.

मोजायचं काय? खेळातले गुण नव्हे. खेळ सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांतले आणि नंतरच्या तीन महिन्यांतले खातं उघडण्याचे काही फॉर्म कुठल्याही क्रमाने काढा, नावं झाका आणि ऑडिटच्या माणसाला तपासायला द्या. मोबाइल नंबर कुणाचा हे विचारल्याची नोंद दिसते का, एवढं एक पाहिलंत तरी पुरे. खेळात कोण किती वेळा चुकलं हे एचआरपर्यंत जाणार नाही, हे लेखी जाहीर करा. एकदा का इन्क्रिमेंटशी त्याचा संबंध लागला असा वास आला, की उत्तरं पुन्हा व्हॉट्सॲपवर फिरायला लागतील. वार्षिक चाचणी नियमाप्रमाणे घ्यायची तर घ्या, वेगळी.

हे सगळं झाल्यावर ती कंपनी बोलवायची असेल तर बोलवा, तेव्हा तिला काय मागायचं ते तुम्हाला कळलेलं असेल. करारात दोन गोष्टी घाला: मूळ फाइल्स बँकेच्या मालकीच्या, आणि प्रसंगातलं कुठलंही वाक्य तुमच्या विभागातल्या माणसाला स्वतः बदलता यायला हवं. रिझर्व्ह बँकेचं नवं सर्क्युलर आलं की एका ओळीच्या दुरुस्तीसाठी दर वेळी कोटेशन मागवायला लागू नये.